फोन आडवा करून बघा

परवा आमच्या विंगमध्ये एक ज्युनिअर आली आणि म्हणाली, "ताई, मला अँड्रॉइड शिकायचंय. पंधरा दिवसांत मिनी प्रोजेक्ट दाखवायचाय. कुठला व्हिडिओ बघू?"

मी म्हटलं, "व्हिडिओ राहू दे. पुस्तक देते."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तिला मुंबईला बैलगाडीने जायला सांगितलं होतं! "पुस्तक? ताई, आता कोण पुस्तकातून प्रोग्रॅमिंग शिकतं? आता तर एआय अख्खा कोड लिहून देतो!"

मला तिचा राग आला नाही. कारण दीड वर्षापूर्वी मीसुद्धा अगदी हेच, अगदी याच सुरात म्हणत होते. मधल्या काळात काय झालं ते सांगते, म्हणजे माझं मत असं का झालं ते कळेल. आणि पटलं नाही तर भांडायला माझी रूम सगळ्यांना माहीत आहेच.

तर मंडळी, आपल्या मेसच्या काउंटरवर बसणाऱ्या मावशी तुम्हाला माहीत आहेत. त्यांची ती लाल बांधणीची वही पण माहीत आहे. आपण ताट उचललं की मावशी वहीत एक रेघ मारतात. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी तिरकी. रात्री साडेनऊला रेघा मोजायच्या, बेरीज मांडायची आणि आकडा कंत्राटदाराच्या माणसाला द्यायचा. ताटांचा आकडा आणि वहीचा आकडा जुळला नाही, तर फरक मावशींच्या पगारातून जातो. ही शेवटची गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. आपल्यापैकी बऱ्याच जणींना अजूनही नसेल.

सेकंड इयरला असताना एका रात्री जेवता जेवता मी जाहीर करून टाकलं, की "हे रेघा मारणं काय जुनाट! मी मावशींना ॲप करून देते." टेबलावर टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर माणसाने माघार घेऊ नये असा हॉस्टेलचा नियम आहे. दोन संध्याकाळी बसून मी एका व्हिडिओवरून ॲप तयार केलं. तयार केलं म्हणजे काय, तर व्हिडिओ थांबवायचा, कोड उतरवायचा, चालला नाही की एररची ओळ कुठेतरी चिकटवायची, जे उत्तर येईल ते परत इकडे आणून चिकटवायचं. शेवटी पडद्यावर एक मोठ्ठं हिरवं बटण आलं. दाबलं की आकडा एकने वाढतो. वर ताटाचं चित्र, खाली हॉस्टेलचं नाव. लॅपटॉपवरच्या एम्युलेटरमध्ये तर ते इतकं देखणं दिसत होतं, की मी त्याचा स्क्रीनशॉट घरी पाठवला. आईचं उत्तर आलं, "छान. जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी ॲप मावशींच्या फोनवर चढवलं. मावशींनी फोन पोळ्यांच्या डब्याला टेकवून उभा ठेवला आणि वही बाजूला ठेवून दिली. (त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, हे वाक्य लिहिताना आजही कसंतरी होतं.) साडेआठपर्यंत सगळं झकास चाललं. ११२ ताटं झाली. मग कुणीतरी पोळी घेताना डब्याला धक्का दिला, फोन आडवा पडला, मावशींनी तो आडवाच उचलला. पडदा गर्रकन फिरला. आणि आकडा शून्य!

"पोरी," मावशी म्हणाल्या, "शून्य झालं गं."

मी फोन उभा केला, आडवा केला, परत उभा केला. शून्य ते शून्यच. मागे रांग वाढत होती. मावशींनी शांतपणे वही पुढे ओढली, पेन्सिल घेतली आणि म्हणाल्या, "माझी वही आडवी धरली तरी त्यातलं आकडं सांडत न्हाईत."

त्या रात्री आम्ही हात वर करायला लावून, आठवून आठवून १५८ चा आकडा काढला. कंत्राटदाराच्या माणसाने घासायला आलेली ताटं मोजली, ती भरली १६६. आठ ताटांचा फरक. तो कुणाच्या पगारातून गेला हे मला दोन दिवसांनी भांडी घासणाऱ्या ताईंकडून कळलं. मी पैसे घेऊन मावशींकडे गेले, तर त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, "पैसं नकोत. नीट शीक, आन् मग आण."

आता यावर कुणी शहाणी मुलगी नीट शिकायला बसली असती. मी बसले नाही! मी शोधलं, "पडदा फिरू नये म्हणून काय करावं". उत्तर एका ओळीचं मिळालं : मॅनिफेस्ट फाइलमध्ये लिहून टाका, की हे ॲप उभंच राहील. लिहून टाकलं. पडदा फिरायचा बंद झाला. मी विजयी मुद्रेने परत मेसमध्ये. यावेळी मावशींनी फोनही ठेवला आणि वहीही उघडी ठेवली. (अनुभव हा मोठा गुरू.) मध्येच त्यांच्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला, मग लेकीला दाखवायला त्यांनी भाजीचा फोटो काढला, आणि ॲपमध्ये परत आल्या तर... शून्य. मावशी काही बोलल्या नाहीत. वहीत रेघ मारत राहिल्या. ते न बोलणं मला जास्त लागलं.

मग मी लायब्ररीत गेले. खरं सांगायचं तर अभ्यासाला नव्हे, रूममध्ये तोंड दाखवायची लाज वाटत होती म्हणून. कोपऱ्यातल्या रॅकवर एक जाडजूड पुस्तक दिसलं : 'हेड फर्स्ट अँड्रॉइड डेव्हलपमेंट'. डॉन ग्रिफिथ्स आणि डेव्हिड ग्रिफिथ्स यांचं, २०१५ ची पहिली आवृत्ती. आतल्या कागदावर तारखांचे शिक्के मोजून तीन. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "हे रद्दीच्या यादीत टाकणार होते. जुनं झालंय ना?" जुनं तर होतंच. सगळा कोड जावामध्ये, चित्रांमधला अँड्रॉइड स्टुडिओ आपल्या स्टुडिओशी जुळता जुळत नाही. तरी घेतलं.

त्यातलं दुसऱ्या प्रकरणातलं ॲप कशाचं आहे माहीत आहे? कुठली बिअर घ्यावी ते सुचवणारं! मी इमानेइतबारे ते टाइप करत बसले होते आणि नेमक्या रेक्टर मॅडम राउंडला आल्या. पडद्यावर बिअरची यादी. "मॅडम, हा अभ्यास आहे," हे वाक्य इतक्या केविलवाण्या सुरात याआधी या हॉस्टेलमध्ये कुणी म्हटलं नसेल. शेवटी पुस्तकाचं पान उघडून दाखवावं लागलं. (मॅडम, हा लेख आपण वाचत असाल, तर ते खरंच पुस्तकात आहे.)

हे पुस्तक अँड्रॉइड पहिल्यापासून शिकवतं, पण वाचणाऱ्याला जावा येते असं धरून चालतं. इथे माझी पहिली पंचाईत झाली. जावामध्ये मी पास होते, पण पास असणं आणि येणं यांत जे अंतर असतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. एखादा क्लास 'एक्स्टेंड' करणं म्हणजे काय, हे मी जर्नलमध्ये सुंदर अक्षरात लिहिलं होतं. पण माझ्या ॲपमधली पहिलीच ओळ तेच करत होती, हे मला कळलं नव्हतं! दोन आठवडे मागे गेले, जावाचं पुस्तक परत काढलं, क्लास आणि इनहेरिटन्सची प्रकरणं केली आणि मग पुढे आले.

पुढे आल्यावर पहिला धक्का बसला. फर्स्ट इयरला सी शिकताना आपल्या डोक्यात पक्कं बसतं, की प्रोग्रॅम 'मेन'पासून सुरू होतो आणि आपण लिहिल्या क्रमाने चालतो. अँड्रॉइडच्या ॲपमध्ये आपण 'मेन' लिहीतच नाही. आपण फक्त वेगवेगळ्या प्रसंगी काय करायचं ते लिहून ठेवतो, आणि कधी काय चालवायचं ते सिस्टिम ठरवते. पडदा तयार होताना 'ऑनक्रिएट', दिसू लागताना 'ऑनस्टार्ट', हाताळण्याजोगा झाला की 'ऑनरिझ्यूम'. उलट्या वाटेने 'ऑनपॉज', 'ऑनस्टॉप' आणि शेवटी 'ऑनडिस्ट्रॉय'. थोडक्यात, आपण घराचे मालक नाही, भाडेकरू आहोत. मालक सांगेल तेव्हा खोली सोडायची. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्याला हे लगेच समजायला हवं!

आणि मग आलं चौथं प्रकरण. त्यात एक साधं स्टॉपवॉच करायला लावतात. केलं. छान चाललं. मग पुस्तक म्हणतं, आता फोन आडवा करा. केला. घड्याळ शून्य!

मी खुर्चीवरून उठलेच. मावशींच्या काउंटरवरचा माझा अपमान या लोकांनी २०१५ सालीच छापून ठेवला होता!

पुढच्या पानांवर त्याचं कारण होतं. फोन आडवा झाला की पडद्याची लांबी-रुंदी बदलते. आडव्या पडद्यासाठी कदाचित वेगळी मांडणी केलेली असेल, म्हणून अँड्रॉइड तो पडदा, म्हणजे ती 'ॲक्टिव्हिटी', पूर्ण मोडते आणि नव्याने उभारते. जुन्या ॲक्टिव्हिटीतल्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेलं सगळं तिच्याबरोबर जातं. माझा ११२ चा आकडा अशाच एका व्हेरिएबलमध्ये होता. फोनची भाषा बदलली, डार्क मोड लावला, तरी सहसा हेच होतं. उपायही तिथेच होता : मोडण्याआधी सिस्टिम आपल्याला एक गाठोडं देते, 'बंडल' म्हणतात त्याला. त्यात महत्त्वाचं सामान बांधून ठेवायचं, नव्या खोलीत गेल्यावर सोडायचं.

आणि मी जो पडदा उभा बांधून ठेवण्याचा शहाणपणा केला होता, त्याने काय झालं होतं? ताप आला म्हणून थर्मामीटर लपवून ठेवला, इतकंच. मावशींच्या फोनला मेमरी कमी. व्हिडिओ कॉल आणि कॅमेरा सुरू झाल्यावर जागा करण्यासाठी सिस्टिमने मागे पडलेलं माझं ॲप बंद करून टाकलं. ॲपच गेलं, तर त्याच्या डोक्यातला आकडा कुठून राहणार? (शिवाय २०२५ च्या अँड्रॉइड १६ पासून, त्या आवृत्तीसाठी बनवलेल्या ॲपचं हे 'मी उभाच राहणार' मोठ्या पडद्यांवर सिस्टिम मुळी ऐकतच नाही.) पुढे डेटाबेसची प्रकरणं वाचली तेव्हा लक्षात आलं, की मावशी पहिल्यापासून बरोबर करत होत्या. डोक्यात ठेवलेलं जातं, वहीत लिहिलेलं राहतं. अँड्रॉइडमध्ये त्या वहीचं नाव एसक्यूलाइट. प्रत्येक ताटाला तिथे एक नोंद करायची, की फोन आडवा पडो, बंद पडो, आकडा शाबूत.

आता मुद्द्यावर येते. पुस्तकाने मला असं काय दिलं, जे व्हिडिओने आणि एआयने दिलं नाही? माहिती? छे! माहिती सगळीकडे आहे. नंतर मी मुद्दाम एआयला विचारून पाहिलं, "फोन आडवा केल्यावर माझा आकडा शून्य का होतो?" त्याने अगदी बरोबर उत्तर दिलं, पुस्तकापेक्षा कमी शब्दांत दिलं आणि बिअरचा विषयही काढला नाही. पण मैत्रिणींनो, तो प्रश्न विचारायचा असतो हे मला आधी कुठे माहीत होतं? मी त्याला "आकडा वाढवणारं बटण दे" म्हटलं, त्याने बटण दिलं. मागितलं तेवढं मिळालं. नवशिक्याची खरी अडचण उत्तरं न मिळण्याची नसते. आपल्याला काय माहीत नाही, हेच त्याला माहीत नसतं. चांगलं नवशिक्यांचं पुस्तक ज्याने लिहिलंय, त्याने शंभर नवशिके कुठे अडखळतात ते पाहिलेलं असतं, आणि तो आपल्याला मुद्दाम त्या खड्ड्यापर्यंत चालवत नेतो. आधी पडू देतो, मग कारण सांगतो. म्हणजे आपण मेसच्या काउंटरवर पडायच्या ऐवजी आपल्याच टेबलावर पडतो. कुणाची आठ ताटं जात नाहीत.

दुसरी गोष्ट क्रमाची. व्हिडिओ मी नेहमी मधूनच बघायचे, जिथे अडलं तिथला. पुस्तकही मधून उघडता येतं म्हणा, पण सातवं प्रकरण उघडलं की ते निर्लज्जपणे सांगतं, की हे कळायला चौथं वाच. आणि आपण वाचतो. आपल्या कॉलेजातल्या जुन्या सरांच्या पिढीला विचारा, त्यातले कितीतरी जण नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' पहिल्या पानापासून सोडवत शिकले. प्रकरण वाचायचं, मागचे प्रश्न सोडवायचे, मग पुढचं पान. त्यात काही चमत्कार नव्हता. सोडवल्याशिवाय पुढे जायचं नाही, एवढंच होतं.

यावर माझी रूमपार्टनर (जी या लेखाची पहिली वाचक आणि कायमची विरोधी पक्षनेता आहे) म्हणते, "अगं पण पुस्तक छापून येईपर्यंत जुनं होतं! त्याचं काय?" बरोबर आहे. तिचा मुद्दा मी पूर्ण मांडते. अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला २००८ मध्ये. तेव्हा लोक एक्लिप्समध्ये ॲप लिहीत. २०१३ मध्ये अँड्रॉइड स्टुडिओची घोषणा झाली, २०१४ च्या डिसेंबरात त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. २०१७ मध्ये गूगलने कॉटलिनला मान्यता दिली, २०१९ मध्ये सांगितलं की आता आधी कॉटलिन. २०२१ मध्ये जेटपॅक कंपोज आलं आणि पडदे लिहायची पद्धतच बदलली. माझ्या पुस्तकात डेटाबेसचं काम मागे ढकलायला वापरलेला 'असिंकटास्क' २०२० च्या अँड्रॉइड ११ मध्ये बाद ठरवला गेला. याच पुस्तकाच्या २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेखकांनाही जावा सोडून कॉटलिनवर यावं लागलं. म्हणजे जुनं पुस्तक जसंच्या तसं टाइप केलं तर आज पानोपानी अडतं. मला अडलं. एक अख्खा रविवार ग्रेडलच्या लाल ओळी वाचण्यात गेला आणि त्यातून निघालं काय, तर एका लायब्ररीचं नाव बदललं होतं.

पण आता माझी बाजू ऐका. पुस्तक संपत आल्यावर मी मावशींचं ॲप कॉटलिन आणि कंपोजमध्ये नव्याने लिहायला घेतलं. कंपोजमध्ये एखादी किंमत लक्षात ठेवायला 'रिमेंबर' लिहितात. नाव वाचून वाटतं, लक्षात राहील! पण फोन आडवा केला की 'रिमेंबर' साफ विसरतो. त्यासाठी 'रिमेंबर सेव्हेबल' लिहावं लागतं, आणि ते शेवटी सामान ठेवतं कुठे? त्याच जुन्या गाठोड्यात. तिथे 'व्ह्यूमॉडेल' नावाची सोयही आहे. ती फोन आडवा केला तरी टिकते, पण सिस्टिमने ॲपच बंद केलं तर तीही जाते. म्हणजे भाषा बदलली, पडदे लिहायची पद्धत बदलली, पण मावशींच्या काउंटरवरचा खड्डा जिथल्या तिथेच होता. फक्त त्यावरची पाटी बदलली होती. मी तो खड्डा जुन्या पुस्तकात पाहिला होता, म्हणून नव्या रस्त्यावर पाय जपून टाकला.

तेव्हा जुनं पुस्तक टाकून द्यायचं नसतं, ते कसं वाचायचं ते ठरवायचं असतं. मी काय केलं ते सांगते. एक वही केली आणि पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे पुस्तक काय सांगतं आणि का सांगतं. उजवीकडे तेच आज कसं लिहितात, अँड्रॉइडच्या अधिकृत कागदपत्रांतून शोधून. डावी बाजू जवळजवळ सगळी टिकली, उजवी बाजू मला तीनदा खोडावी लागली. दुसरं, कोड चिकटवायचा नाही, बोटांनी टाइप करायचा. चुका होतात, अर्धविराम सुटतात, आणि प्रत्येक सुटलेल्या अर्धविरामाबरोबर एक ओळ नीट वाचली जाते. तिसरं, एआयला विचारायचं जरूर, पण प्रकरण सोडवून झाल्यावर. आणि कोड मागायचा नाही. आपला कोड त्याच्यापुढे ठेवून विचारायचं, "हा कुठे मोडेल?" या प्रश्नाला तो फार उपयोगी पडतो. मात्र तो जे सांगेल ते समजायला आपल्याजवळ डावी बाजू हवी.

काही जणी म्हणतील, आमच्या लॅपटॉपवर अँड्रॉइड स्टुडिओ उघडायलाच एक चहा होतो, एम्युलेटर लावला तर जेवण होतं. माझाही तसलाच आहे. एम्युलेटर सोडा, आपला फोन वापरा. सेटिंग्जमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारा. चेष्टा नाही, खरंच सात वेळा! डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे यूएसबी डीबगिंग चालू करा, वायर जोडा, ॲप थेट फोनवर येतं. तिथेच 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' म्हणून एक पर्याय आहे. तो चालू केला की आपण ॲपमधून बाहेर पाऊल टाकताक्षणी सिस्टिम मागचा पडदा मोडून टाकते. माझ्यासारखीच्या ॲपची हाडं मोजायला याहून चांगलं काही नाही. (तपासून झाल्यावर बंद करायला विसरू नका, नाहीतर फोन बिघडला म्हणून रडत बसाल.)

इंग्रजीचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. पहिली चाळीस पानं वाचायला मला आठ दिवस लागले. व्हिडिओत माणूस हातवारे तरी करतो, पुस्तक नुसतं बघत बसतं. पण पन्नासाव्या पानाच्या पुढे तेच तेच शब्द परत येऊ लागले आणि वेग आपोआप वाढला. आज मी अधिकृत कागदपत्रं थेट वाचते ती त्याच चाळीस पानांच्या जोरावर. आपल्यातल्या कुणी यातली चार प्रकरणं मराठीत नीट समजावून लिहिली, तर पुढच्या वर्षीच्या मुलींचे ते आठ दिवस वाचतील. मी माझी ती वही द्यायला तयार आहे.

आता थोडं सर आणि मॅडम लोकांसाठी, लहान तोंडी मोठा घास. मिनी प्रोजेक्टच्या ओरलला आपण रिपोर्टची स्पायरल बघता, सर्टिफिकेट बघता, स्क्रीनशॉट बघता. स्क्रीनशॉटमध्ये माझंही पहिलं ॲप उत्तम दिसत होतं! माझी एकच विनंती आहे. मुलाच्या हातातून फोन घ्या आणि आडवा करा. मग त्याच्या मित्राला त्याला फोन करायला सांगा. ॲप टिकलं तर विचारा, का टिकलं? नाही टिकलं तर विचारा, का नाही? दोन मिनिटं पुरतील. ज्याने विकत घेतलंय, ज्याने नुसतं चिकटवलंय आणि ज्याने समजून केलंय, ते तिघे आपल्याला तिथल्या तिथे वेगळे दिसतील. आणि ज्याचं ॲप मोडलं पण का मोडलं हे ज्याला सांगता आलं, त्याला कृपा करून मार्क द्या. कारण तो शिकलाय.

आणि ग्रंथपाल मॅडमना विनंती, की रद्दीची यादी करताना वरचं वर्ष बघून पुस्तक काढू नका. नवी आवृत्ती जरूर आणा, पण ती येईपर्यंत जुनी राहू द्या.

त्या ज्युनिअरला मी शेवटी पुस्तक दिलंच. पंधरा दिवसांत तिचं पुस्तक संपणार नाही, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. मला स्वतःला दहा आठवडे लागले आणि तरी शेवटची काही प्रकरणं राहिलीच आहेत. तिला म्हटलं, फक्त पहिली चार कर, टाइप करून कर, आणि प्रोजेक्ट छोटा कर पण आडवा करून दाखवता येईल असा कर. ती तोंड वाकडं करून गेली. काल रात्री अकराला दार वाजवून म्हणाली, "ताई, स्टॉपवॉच शून्य झालं!" इतका आनंद झालेला चेहरा मी सबमिशनच्या आठवड्यात क्वचितच पाहिलाय.

मावशींचं काय झालं, हे विचाराल तर सांगते. नवं ॲप गेल्या महिन्यापासून त्यांच्या फोनवर आहे. डबा त्याच जागी, फोन त्यालाच टेकवलेला. दोनदा पडला, एकदा तर डाळीत भिजला, आकडा गेला नाही. महिनाअखेरीला आम्ही दोघींनी बसून ॲपची आणि वहीची बेरीज ताडून पाहिली. एकोणतीस दिवस जुळली. एका दिवशी एकाचा फरक निघाला. मी घाबरून कोड उघडायला लागले, तर मावशी म्हणाल्या, "थांब, त्या दिवशी तूच दोनदा ताट घेतलंस. म्या वहीत एकच रेघ मारली व्हती."

वही अजून चालू आहे. मीही त्यांना ती बंद करायला सांगितलेलं नाही.